थिन पूल आणि १०० चा घोळ

कंटेनर (सर्व्हरवर वेगळं चालणारं छोटं लिनक्स) अचानक रीड-ओन्ली होतो, म्हणजे त्यात लिहिता येत नाही. आत डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारलं तर निम्मी डिस्क मोकळी दिसते. होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनवर, एलव्हीएस (व्हॉल्यूमची यादी देणारी कमांड) चालवलं तर पूलच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्याच्या, डेटा रकान्यात १००.००: तो पूर्ण भरलेला. दोन्ही आकडे खरे असतात.

एलव्हीएम म्हणजे लिनक्समधली डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था. तिच्या जुन्या स्नॅपशॉटला (व्हॉल्यूमच्या त्या क्षणाच्या प्रतीला) आधीच जागा काढून द्यावी लागे. ती भरली की स्नॅपशॉट बाद, पण मूळ व्हॉल्यूम शाबूत. जानेवारी २०१२ मध्ये कर्नल ३.२ सोबत थिन प्रोव्हिजनिंग आलं आणि हिशेब उलटला. आता कागदावर हवी तेवढी जागा वाटायची, खरी जागा मात्र लिहिताना एकाच पूलमधून उचलायची. म्हणजे एका कंटेनरचे लॉग सुटले की शेजारचे बाकीचेही अडकतात.

कंटेनरवाल्यांना हे जाणवलं ते २०१३ च्या अखेरीस, डॉकर ०.७ (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) मध्ये थिन पूल वापरणारा डिव्हाइसमॅपर ड्रायव्हर आला तेव्हा. काही न बदलता वापरला तर तो पूल लूप फाइलवर, म्हणजे खऱ्या डिस्कऐवजी डिस्क म्हणून जोडलेल्या साध्या फाइलवर, उभा राही. प्रॉडक्शनमध्ये असं करू नका, ही सूचना पुढे आली, तोवर बरेच जण पोळले होते. तो ड्रायव्हर नंतर मोडीत निघाला. दरम्यान २०१६ मध्ये प्रॉक्समॉक्स व्हीई ४.२ (व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर चालवणारी सर्व्हर प्रणाली) च्या इन्स्टॉलरने थिन पूल डिफॉल्ट केला आणि हीच दुखणी एलएक्ससीच्या, म्हणजे तिथल्या कंटेनरच्या, दारात आली.

खरा वाद आहे तो ऑटोएक्स्टेंड थ्रेशोल्डचा, म्हणजे पूल किती टक्के भरला की आपोआप वाढवायचा त्या आकड्याचा. एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये तो १०० असतो. नवखा वाचतो, ‘पूल १०० टक्के भरला की आपोआप वाढेल’. अर्थ नेमका उलटा: १०० म्हणजे सोय बंद. ८० ठेवलं, तर ऐंशी टक्क्यांना पूल स्वतःच्या २० टक्क्यांनी वाढतो, पण व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूल ज्यातून कापला जातो त्या डिस्कच्या एकत्र जागेत) मोकळी जागा असेल तरच. प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर मोठ्या डिस्कवर साधारण १६ जीबीच मोकळी सोडतो. एक टीबीच्या पूलला ती कुठे पुरणार? बंद ठेवण्याची बाजू अशी की डिस्क कुठे खर्चायची हे अ‍ॅडमिनने ठरवावं. पटतं, पण मग बंदचा आकडा शून्य का नाही? व्हॉल्यूम बनवताना ‘संरक्षण चालू केलेलं नाही’ असा इशारा छापला जातो खरा. टास्क लॉगमधल्या (कामाच्या नोंदीतल्या) त्या चार ओळी कोण वाचतं?

पूल भरल्यावर कर्नल डिफॉल्टने ६० सेकंद लेखन रांगेत धरतो, मग एरर देतो. म्हणून आधी सगळं नुसतं ‘लटकल्यासारखं’ वाटतं. मेटाडेटा (कुठला ब्लॉक कुणाचा याची पूलची नोंदवही) भरला तर प्रकरण वेगळं: पूल रीड-ओन्ली होतो आणि तो बंद करून एलव्हीकन्व्हर्ट कमांडच्या रिपेअरची वाट धरावी लागते.

आणि आतल्या फाइली उडवून पूल रिकामा होत नाही. ब्लॉक परत मिळायला ट्रिम, म्हणजे मोकळे ब्लॉक पूलला कळवणं, लागतं. अनप्रिव्हिलेज्ड (होस्टवर रूटचे अधिकार नसलेल्या) कंटेनरच्या आतून ते चालत नाही, होस्टवरून प्रॉक्समॉक्सची ‘पीसीटी एफएसट्रिम’ कमांड द्यावी लागते.