गुळणी कुठवर पोचते?

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरात दोन गोष्टी बरोबरच येतात: तानसेन समारोह आणि सर्दी. शहरातल्या लष्कर भागात आमची आत्या गाणं शिकवते. थंडीच्या दिवसांत शिकवणीला बसण्याआधी प्रत्येकाने मोरीवर जाऊन मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायच्या, असा तिच्याकडे कित्येक वर्षांचा नियम आहे. गेल्या हिवाळ्यात एक मुलगा घरून हिरव्या माउथवॉशची बाटली घेऊन आला. "ताई, याने तीस सेकंदांत व्हायरस मरतो. मग खोकला असला तरी बसू ना?" आत्याने माझ्याकडे पाहिलं. घरात जीवशास्त्र शिकवणारा मी एकटाच.

तीस सेकंदांची गोष्ट खोटी नाही. करोना, फ्लू, आरएसव्ही (लहान मुलांच्या श्वसनमार्गाला हमखास गाठणारा विषाणू) या विषाणूंभोवती चरबीचं पातळ वेष्टण असतं. काही माउथवॉशमध्ये सेटिलपिरिडिनियम क्लोराइड नावाचं जंतुनाशक असतं. ते साबणासारखं या वेष्टणात घुसून ते फाडतं, आणि वेष्टण गेलेल्या विषाणूला पेशीत शिरता येत नाही. जखमेवर लावतात ते पोव्हिडोन आयोडीनही परीक्षानळीत झपाट्याने काम करतं. मात्र साध्या सर्दीला बहुतेक वेळा कारण असतो तो ऱ्हायनोव्हायरस, आणि त्याला हे वेष्टणच नसतं. मग साबणी मारा करायचा कशावर?

शिवाय तोंड म्हणजे परीक्षानळी नव्हे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तिथे झरत असते. करोनाच्या विषाणूची वाढ लाळग्रंथींच्या पेशींतही होते, असं २०२१ साली दिसून आलं. म्हणजे गुळणीने एक खेप मारली तरी मागून दुसरी येतेच. बाधित लोकांवरच्या काही चाचण्यांत गुळणीनंतर लाळेतले विषाणू कमी झाले, काहींत फारसा फरक पडला नाही, आणि जिथे कमी झाले तिथेही तासाभरात आकडा पुन्हा चढायला लागला. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार.

आता गाणाऱ्यांच्या कामाचा प्रश्न: गुळणी पोचते कुठवर? फार तर टॉन्सिलपर्यंत. नाकामागची पोकळी वर राहते, स्वरयंत्र खाली. तिथवर पाणी उतरलं तर ठसका लागतो, आणि तो लागावा अशीच शरीराची रचना आहे. हवेत तरंगणारे सगळ्यांत बारीक कण मात्र तिथूनच, किंवा त्याच्याही खालून येतात. काही फुप्फुसातल्या बारीक नळ्यांत ओलसर पापुद्रे फुटून तयार होतात, काही स्वरतंतूंच्या कंपनातून. तोंडातून उडतात ते मोठे थेंब, आणि गुळणीचा अधिकार फार तर त्यांच्यावर.

आवाज जितका मोठा तितके कण जास्त. ब्रिटनमध्ये गायकांवर झालेल्या मोजमापात अगदी हळू आवाजाच्या तुलनेत मोठ्या आवाजात बाहेर पडणाऱ्या कणांचं वस्तुमान २० ते ३० पट भरलं. बोलणं की गाणं यापेक्षा आवाज किती चढला याचाच फरक मोठा होता. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात १० मार्च २०२० ला एका गायकवृंदाने बंद सभागृहात अडीच तास तालीम केली. हजर ६१ जण, लक्षणं असलेला एक. तो एक आणि पुढच्या काही दिवसांतले पक्के आणि संभाव्य धरून एकूण ५३ जण करोनाने आजारी पडले, दोघं गेले. सगळ्यांनी आधी दोनदोन गुळण्या केल्या असत्या तरी हवा तीच राहिली असती.

माउथवॉशने सर्दी टळते हा दावाही नवा नाही. जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याच्या नावावरून ओळखलं जाणारं लिस्टरीन १८७९ साली निघालं ते शस्त्रक्रियेतलं जंतुनाशक म्हणून. पुढे त्याच्या जाहिरातींत सर्दी आणि घसादुखी शिरली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तो दावा अडवला, १९७७ साली कोर्टाने आयोगाची बाजू उचलून धरली, आणि याने सर्दी टळत नाही असं कंपनीला स्वतःच्याच जाहिरातींतून सांगावं लागलं. असे निकाल अधूनमधून आपल्याकडेही लागावेत, असं टीव्ही पाहताना वाटून जातं.

तरी ऑगस्ट २०२० मध्ये जपानात तेच पुन्हा घडलं. ४१ सौम्य रुग्णांच्या पाहणीचा हवाला देऊन ओसाकाच्या गव्हर्नरांनी पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्यांचा पुरस्कार केला आणि दुकानांतल्या बाटल्या संपल्या. आयोडीन घेणाऱ्यांच्या लाळेत विषाणू कमी सापडले होते. पण लाळच धुतली आणि लाळच तपासली, तर आणखी काय सापडणार?

जपान्यांची गुळण्यांची सवय जुनी, आणि तिची परीक्षाही त्यांनीच घेतली. २००२-०३ च्या हिवाळ्यात ३८७ निरोगी माणसांचे तीन गट केले: एकाने साध्या पाण्याने गुळण्या करायच्या, दुसऱ्याने आयोडीनने, तिसऱ्याने नेहमीसारखं वागायचं. साठ दिवसांत साध्या पाण्याच्या गटात सर्दी-पडशाचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी निघालं. आयोडीनच्या गटाला म्हणावा असा फायदा झाला नाही. जंतुनाशकाने घशातले आपले राखणदार जिवाणूही जातात, हे त्याचं एक संभाव्य कारण. मला हा निकाल फार आवडतो, कारण बाटली विकणाऱ्याला तो कुठेच छापता येणार नाही.

मिठाची गंमत निराळी. एडिंबरात ६६ जणांवर एक छोटी चाचणी झाली, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्दी होताच मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि गुळण्या करणं, एवढंच. आजार जवळपास दोन दिवस आधी आटोपला आणि घरातल्यांना लागण होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. मिठातला क्लोराइड वापरून आपल्या पेशी हायपोक्लोरस आम्ल बनवतात, म्हणजे ब्लीचमधलं जंतू मारणारं द्रव्य, असं त्यामागचं स्पष्टीकरण. चाचणी लहान आहे, तिच्यावर फार भार टाकू नये. पण तिथे नाकही धुतलं होतं, हे विसरायचं नाही. आपली जलनेती ती हीच. फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं.

माउथवॉशला अगदीच हाकलून देण्याचं कारण नाही. दातांच्या डॉक्टरांना रुग्णाच्या उघड्या तोंडावर वाकून काम करावं लागतं. तिथे आधी एक गुळणी करून घेतली, तर त्या थोड्या वेळापुरते उडणाऱ्या थेंबांतले विषाणू कमी होण्याची शक्यता असते. रोजची सवय मात्र महागात पडू शकते. काही माउथवॉशमधल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने दात तपकिरी होतात, आयोडीन थायरॉइडच्या रुग्णांना जपून द्यावं लागतं. जिभेवरचे काही जिवाणू पालेभाज्यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. जहाल माउथवॉश त्या जिवाणूंवरही फिरतं.

ग्वाल्हेरात गळ्याला उपाय सुचवायला कुणाची परवानगी लागत नाही. हजिऱ्याला तानसेनच्या मकबऱ्याजवळच्या चिंचेचा पाला चघळला की आवाज गोड होतो, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. म्हणून मी आत्याला एवढंच सांगितलं की बाटली राहू दे, खिडक्या उघड. तिने खिडक्या उघडल्या, आणि थंडी आत आल्यावर मलाच शाल आणायला पिटाळलं. खोकणाऱ्या मुलाला मास्क लावून गच्चीवर उन्हात बसवलं आणि सांगितलं, आज गायचं नाही, नुसता तानपुरा छेड. तो तासभर छेडत बसला. खाली बाकीच्यांचा भूप राग चालू होता.