मॅग्नम कोठडीत, जेसिका मैदानात: १९८६ च्या त्या जोडभागावरून प्रेक्षक अजून का भांडतात

'मॅग्नम, पी. आय.' (हवाईतला खासगी डिटेक्टिव्ह मॅग्नम) आणि 'मर्डर, शी रोट' (खून उकलणारी लेखिका जेसिका) या दोन अमेरिकन मालिकांनी १९८६ मध्ये एकच गोष्ट अर्धी-अर्धी वाटून दाखवली. तो जोडभाग बरेच जण आज सलग बघतात आणि सिनेमा म्हणूनच त्याच्यावर मत देतात. मतं तर टोकाची आहेत. कोणी म्हणतं हिगिन्स (मॅग्नम राहतो त्या बंगल्याचा कारभारी) आणि जेसिकासाठी शंभर वेळा बघू, कोणी म्हणतं मॅग्नमचा पार बाहुला केलाय. या भांडणाचं मूळ गोष्टीत कमी आणि गोष्ट संपवायची कुठे या निर्णयात जास्त आहे, त्यामुळे थोडं मागे जायला लागतं.

फार मागे नको. एका मालिकेचा डिटेक्टिव्ह दुसऱ्या मालिकेत पाठवायचा उद्योग सत्तरच्या दशकात जोरात होता. जानेवारी १९७३ मध्ये 'बार्नबी जोन्स' सुरू झाली तेव्हा पहिल्याच भागात 'कॅनन' या दुसऱ्या मालिकेतला डिटेक्टिव्ह कॅनन मदतीला हजर, कारण दोन्ही मालिका एकाच निर्मात्याच्या आणि म्हाताऱ्या बार्नबीला कोणीतरी ओळखीच्या माणसाने हात धरून आत आणायला हवं होतं. १९७५ च्या सप्टेंबरात त्याच दोघांची गोष्ट दोन मालिकांत वाटून दाखवली, अर्धी इकडे अर्धी तिकडे. आपल्याकडे चॅनलवाले 'महासंगम' म्हणून जाहिरात करतात ना, तसलाच प्रकार.

पण खरी कमाल झाली १९८२ ला. 'सायमन अँड सायमन' ही सॅन डिएगोतल्या दोन डिटेक्टिव्ह भावांची मालिका पहिल्या सीझनला आपटली होती, बंद व्हायच्या बेतात होती. नेटवर्कने तिला गुरुवारी मॅग्नमच्या लगेच पाठीमागची वेळ दिली आणि ७ ऑक्टोबर १९८२ ला मॅग्नमच्या भागात दोघा भावांना हवाईला आणून सोडलं, शापित मूर्तीची काहीतरी भानगड, तीच गोष्ट पुढच्या तासाला त्यांच्या स्वतःच्या मालिकेत चालू. म्हणजे सोफ्यावरून उठायचं कारणच नाही. आणि गंमत बघा, बरोब्बर एक आठवडा आधी मॅग्नमचा तो प्रसिद्ध भाग लागला होता ज्याच्या शेवटी तो समोरच्या नि:शस्त्र माणसाला थंड डोक्याने गोळी घालतो. त्या धक्क्यातून लोक सावरतायत तोवर हे शापित मूर्तीचं! जुने फॅन अजून यावर चिडतात आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. पण आकड्यांनी नेटवर्कचीच बाजू घेतली. सायमन बंधू त्या सीझनला पहिल्या दहात आले आणि पुढच्या सीझनला तर मॅग्नमच्याही एक पायरी वर गेले.

आता १९८६. तोवर पारडं फिरलेलं होतं. सप्टेंबर १९८४ मध्ये 'द कॉस्बी शो' गुरुवारी रात्री आठला, म्हणजे थेट मॅग्नमसमोर येऊन बसला आणि मॅग्नमचे प्रेक्षक गळायला लागले. १९८६ च्या सीझनला मॅग्नमला बुधवारी हलवलं. त्याच १९८४ च्या सप्टेंबरात सुरू झालेली 'मर्डर, शी रोट' मात्र रविवारी रात्री मजेत, पहिल्या दहात. नायिका जेसिका कोण, तर मेन नावाच्या राज्यातल्या गावात राहणारी, शाळेतून रिटायर झालेली, खुनाच्या कादंबऱ्या लिहिणारी विधवा बाई. मॅग्नमसारखी फेरारी नाही, पिस्तूल नाही, मारामारी नाही. तरी आकडे तिचेच. म्हणजे १९८२ ला जो हात देत होता त्यालाच आता हात पाहिजे होता, आणि हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

पहिला भाग १९ नोव्हेंबरला, बुधवारी, मॅग्नमच्या मालिकेत. जेसिका हवाईला येते, मॅग्नम राहतो त्या रॉबिन मास्टर्सच्या बंगल्यावर पाहुण्या आलेल्या बायकांच्या जिवावर कोणीतरी उठलंय, जेसिकाला वास लागतो, मॅग्नमला ही बाई कुठून टपकली असं होतं, आणि हिगिन्स मात्र एवढी मोठी लेखिका आपल्या दारात म्हणून हवेत. मॅग्नम भाड्याच्या मारेकऱ्याला गोळी घालतो आणि गोष्ट तिथे तोडली. दुसरा भाग चार दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, रविवारी, जेसिकाच्या मालिकेत. त्यात मॅग्नम खुनाच्या आरोपाखाली आत आणि त्याला सोडवायचं काम जेसिकाचं.

पहिली तक्रार इथूनच. सात सीझन ज्याच्या तोंडून आपण गोष्ट ऐकतोय, ज्याचं ते मनातल्या मनात बोलणं हाच मालिकेचा जीव, त्याला स्वतःच्या बेटावर, स्वतःच्याच केसमध्ये गजाआड बसवलं. जेसिकाच्या बाजूचे लोक म्हणतात, अहो तिच्या मालिकेचा साचाच तो आहे, दर आठवड्याला कोणीतरी निर्दोष माणूस अडकतो आणि ती सोडवते, या वेळी अडकलेला माणूस मिशीवाला निघाला एवढंच. मुद्दा चूक नाहीये. पण मग पहिल्या भागात मॅग्नमच्या साच्यात तिला जेवढी मोकळीक दिली तेवढी याला दुसऱ्यात का नाही, याचं उत्तर वेळापत्रकात मिळतं, गोष्टीत नाही. ज्याच्याकडे गर्दी त्याच्याकडे शेवट. बुधवारच्या माणसांना रविवारी न्यायचं नव्हतं, रविवारच्या माणसांना आधी बुधवारी खेचायचं होतं. दुसरा अर्धा नीट कळायचा तर पहिला बघायलाच हवा, हे आमिष होतं.

दुसरी तक्रार जास्त गुंत्याची, आणि खरं तर एकाच गोष्टीवर बोलणारे लोक कधीकधी वेगवेगळ्या गोष्टींवर बोलत असतात ते यामुळेच. अमेरिकेत मालिकेचे भरपूर भाग साठले की ते गठ्ठ्याने स्थानिक स्टेशनांना विकतात, मग ते रोज दुपारी किंवा रात्री उशिरा लागत राहतात. विक्री मालिकेवार होते. मॅग्नमचा गठ्ठा घेतलेल्या स्टेशनकडे जेसिकाचा गठ्ठा असेलच असं नाही, आणि असला तरी बुधवार-रविवारची सांगड कोण घालणार? अर्धीच गोष्ट दाखवून 'क्रमशः' म्हणायचं आणि पुढे काहीच नाही, हे चालणार नव्हतं. म्हणून मॅग्नमच्या भागाला दुसरा शेवट आहे. त्यात प्रकरण तिथल्या तिथे मिटतं, मॅग्नमवरचं बालंट जातं, विषय संपला.

म्हणजे झालं काय, एकाच भागाचे दोन खरे शेवट. ज्यांनी १९८६ ला बघितलं त्यांच्यासाठी मॅग्नम तुरुंगात गेला. ज्यांनी पुढे दुपारच्या रिपीटमध्ये बघितलं त्यांच्यासाठी गेलाच नाही. या दुसऱ्या गटाला जेसिकाचा भाग कधी चुकून दिसला तर प्रश्नच पडायचा, अरे हा सुटला होता ना? आणि ज्यांनी फक्त जेसिकाचीच मालिका बघितली ते थेट निम्म्यातून आत शिरणार. 'शेवट गुंडाळलाय' असं कोणी म्हणालं की आधी विचारावं, कोणता शेवट? त्या पर्यायी शेवटाला नावं ठेवणं सोपं आहे, घाईचा वाटतोच तो, पण तो सिनेमा संपवायला केलेलाच नव्हता, स्टेशनवाल्याची अडचण सोडवायला केला होता.

एवढ्या भांडणात एका गोष्टीवर बहुतेकांचं जमतं, हिगिन्स. त्याचं ते अदबीने वाकणं, लेखिकेसमोर आपली साहित्याची जाण दाखवायची धडपड, आणि मॅग्नमने मध्येच काहीतरी बोलून त्याचा पोपट करणं. ही दोघं एकाच पठडीतली, चहाच्या कपासकट, म्हणून यांची जोडी बसते. मॅग्नम-जेसिका मात्र बसते असं मला नाही वाटत, बरेच प्रसंग दोन मालिका शेजारी ठेवल्यासारखे वाटतात.

मदत झाली का, तर मॅग्नम १ मे १९८८ ला संपली, जेसिका १९९६ पर्यंत चालली. १९९७ मध्ये एका मेडिकल डिटेक्टिव्ह मालिकेने जुन्या मालिकेतल्या डिटेक्टिव्ह मॅनिक्सला परत आणलं, १९७३ च्या त्याच्याच भागातली राहिलेली केस सोडवायला, जुनं फुटेज वापरून. ते बघितल्यावर कळतं की घाई नसेल तर असा प्रकार किती चांगला होऊ शकतो. आणि २०१८ ला मॅग्नमच नव्याने आला, हिगिन्सची बाई झाली, त्यावर वेगळी भांडणं. त्याचा जोडभाग ३ जानेवारी २०२० ला नव्या 'हवाई फाइव्ह-ओ'बरोबर झाला. दोन्ही भाग एकाच रात्री, पाठोपाठ, १९८२ सारखेच.