दांड्या फुल्ल, तरी नेट ठप्प

यवतमाळ-वर्ध्याकडच्या सपाट शिवारात ही तक्रार हमखास ऐकू येते: "रेंज फुल्ल आहे, पण नेट चालतच नाही." धुऱ्यावर उभं राहून कापसाचा भाव पाहावा, तर स्क्रीनवर नुसता गोल फिरत राहतो. टॉवरवरची गर्दी हे एक कारण झालं. दुसरं कारण म्हणजे शेजारच्या टॉवरचा व्यत्यय, आणि तिकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

टूजीत शेजारी टॉवरना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वाटून दिलेल्या असत. फोरजी-फाइव्हजीत स्पेक्ट्रम वाया जाऊ नये म्हणून एका कंपनीचे सगळे टॉवर सहसा तीच फ्रिक्वेन्सी वापरतात. त्यामुळे दोन गावांच्या मधोमध असलेल्या मोबाइलपर्यंत दोन्हीकडच्या लहरी जवळपास सारख्याच जोरानं पोचतात आणि एकमेकींत मिसळतात. दांड्या मुख्यतः जोर दाखवतात, सिग्नल किती स्वच्छ आहे ते नाही. दोन्ही टॉवरची पॉवर दुप्पट केली तरी हव्या आणि नको असलेल्या लहरींचं गुणोत्तर तेच राहतं.

इथे एकाच टॉवरवरच्या अनेक अँटेना कामी येतात. प्रत्येक अँटेना तोच संदेश किंचित मागेपुढे सोडते. हिशेब जुळला, की तुमच्या मोबाइलपाशी लहरींची शिखरं एकावर एक येतात, आणि शेजारच्या गावातल्या मोबाइलपाशी शिखरावर दरी येऊन लहरी एकमेकींना पुसून टाकतात.

त्यासाठी टॉवरला लहरींची वाट माहीत हवी. म्हणून मोबाइल ठरावीक ओळख-संकेत पाठवतो. वाट क्षणात बदलते, तेवढ्यात मावतील इतकेच संकेत वापरता येतात; मग शेजारच्या टॉवरखालीही तेच पुन्हा वापरावे लागतात. दोन मोबाइलनी एकाच वेळी एकच संकेत दिला, तर टॉवरला दोन्ही वाटांची सरमिसळ दिसते आणि थोड्या लहरी नको तिकडे जातात. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये दाखवलं, की त्यांच्या पद्धतीत अँटेना कितीही वाढवल्या तरी हा दोष उरतोच. शेजारच्या मोबाइलच्या वाटाही हिशेबात धरल्या तर ही मर्यादा ओलांडता येते, हे २०१८ पर्यंत सिद्ध झालं.

खेड्यांची अडचण मात्र आकाराची आहे. दोन अँटेनांमध्ये साधारण अर्ध्या लहरीचं अंतर लागतं. ३५०० मेगाहर्ट्झवर ते सुमारे ४.३ सेंमी, म्हणजे ६४ अँटेनांचा चौकोन ३५ सेंमीत बसतो. दूर पोचणाऱ्या ७०० मेगाहर्ट्झवर तेच अंतर २१ सेंमी होतं आणि चौकोन पावणेदोन मीटरचा. एवढं वजन आणि वाऱ्याचा एवढा मार टॉवरनं सोसायचा. म्हणून तिथे अँटेना मोजक्याच असतात.

अशा ठिकाणी अँटेनांचा झुकाव फार महत्त्वाचा. उघड्या माळावर लहरी अडवायला डोंगर नाही. अँटेना काही अंश खाली झुकवली, तर पलीकडच्या शिवारातला व्यत्यय कमी होतो. ग्रामसभेनं नवा टॉवर मागताना जुन्यांचा झुकाव तपासायचीही मागणी करावी, असं मला कळकळीनं वाटतं. नवा टॉवरही बहुधा त्याच फ्रिक्वेन्सीवर चालणार आहे.