वारं, मुंग्या आणि माळ

चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्या जथ्यात कुणाच्या अंगात वारं आलं की सगळे चेहऱ्याकडे बघतात. बघावं ते हाताकडे. अनेकदा मनगट आत वळलेलं असतं, बोटं सरळ आणि एकमेकींना चिकटलेली, अंगठा तळव्याकडे ओढलेला. भाविकाला ती मुद्रा वाटते. पण भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी पडतं, हाताचे स्नायू आखडतात आणि ओठांना मुंग्या येतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात. म्हणून डोकं हलकं होतं. श्वास संथ झाला की काही मिनिटांत हात सुटतो. तोंडावर पिशवी मात्र धरू नये, प्राणवायू कमी पडू शकतो.

एवढ्याने अनुभव खोटा ठरत नाही. मुंग्यांचं कारण सापडलं, ‘मी उरलोच नाही’ या खात्रीचं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये अशा अनुभवाच्या चार खुणा सांगितल्या: शब्दांत न मावणं, काही कळल्याची खात्री, थोडाच वेळ टिकणं आणि ‘हे आपोआप होतंय, मी करत नाही’ ही जाणीव.

श्रद्धा बदलताना गोष्ट अवघड होते. खानदेशातल्या कानबाई देवीला मानणाऱ्या घरात वाढलेल्याला वारं आलं तर नाव तयार असतं. नुकतीच तुळशीची माळ घातलेल्याला किंवा चर्चमध्ये जाऊ लागलेल्याला जुनं नाव चालत नाही, नवं अजून अंगवळणी पडलेलं नसतं. त्यात उपास, जागरण, घरच्यांशी भांडण. मग तोच थरकाप कृपाही वाटतो आणि शिक्षाही.

नुसत्या अपेक्षेवर सगळं चालत नाही, हे १९६२ च्या बोस्टनमधल्या प्रयोगात दिसलं. गुड फ्रायडेला धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांपैकी दहांना सायलोसायबिन हे काही अळंब्यांमधलं भास घडवणारं द्रव्य दिलं, दहांना त्वचा लाल करणारं निकोटिनिक आम्ल, म्हणजे एक जीवनसत्त्व. प्रार्थना एकच, अपेक्षाही तीच. गूढ अनुभव मुख्यतः पहिल्या दहांनाच आला.

म्हणून नोंद करावी, तीही त्याच दिवशी आणि कुणाला सांगण्याआधी. गेल्या दोन रात्री झोप किती, पोटात काय, पाणी किती, ऊन किती. नंतर दिसलं-ऐकलं ते. अर्थ दुसऱ्या पानावर. हा क्रम चुकला की मंडळीत चार वेळा सांगता सांगता त्यांचे शब्द आपल्या आठवणीत मिसळतात, आणि ते आपल्याला कळतही नाही. आमच्या मते सगळ्यात मोठी गफलत हीच.

तीन-चार रात्री झोप नाही तरी थकवा नाही, तेच दृश्य दर वेळी मिनिटभर येऊन मधलं काही आठवत नाही, किंवा आवाज हुकूम सोडतात, तर डॉक्टर गाठावा. फिटची किंवा मनोविकाराची शंका असते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. आणि नव्या पंथात गेल्यावर फिटच्या, मधुमेहाच्या गोळ्या ‘आता गरज नाही’ म्हणून बंद केल्या असतील, तर डॉक्टरला आधी ते सांगावं.