मेटाफर, आयरनीची यादी आली कुठून?

मेटाफर (रूपक), आयरनी (उपरोध), हायपरबोली (अतिशयोक्ती) ही अलंकारांची यादी इंग्रजीच्या विद्यार्थ्याला मिळते ती कविता वाचण्यासाठी. मुळात ती बोलणाऱ्यांच्या उपयोगाची होती. प्राचीन ग्रीस आणि रोममध्ये न्यायालयात किंवा सभेत आपली बाजू पटवून द्यायची, तर ही विद्या लागे. ॲरिस्टॉटलने इ.स.पूर्व चौथ्या शतकात मेटाफरचा विचार काव्याच्या संदर्भात केला, तसाच वक्तृत्वाच्याही. पुढे रोमन शिक्षकांनी वर्गीकरणाचा सपाटाच लावला. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या ग्रामर स्कूलमध्येही मुलं लॅटिन उताऱ्यांतले अलंकार नुसते ओळखून थांबत नसत, ते वापरून स्वतः लिहीत. शेक्सपिअरची पिढी अशा शिक्षणात घडली.

सगळंच काही ग्रीकांकडून आलं नाही. ‘बेवुल्फ’ या महाकाव्याच्या काळातल्या जुन्या इंग्रजी काव्यात यमकाला फारसं स्थानच नव्हतं, ओळीचे दोन अर्धे भाग जोडलेले असत ते अनुप्रासाने. म्हणजे आज शोभेच्या खात्यात टाकलेलं ॲलिटरेशन तेव्हा छंदाचा पायाच होतं. काही संज्ञा तर बऱ्याच अलीकडच्या. ‘पॅथेटिक फॅलसी’ इंग्रज समीक्षक जॉन रस्किनने 1856 मध्ये रूढ केली, तीही दोष दाखवायला: भावनेच्या भरात कवी निसर्गावर माणसाचं मन लादतो, अशी त्याची तक्रार. पाठ्यपुस्तकं आता ती निमूटपणे तंत्र म्हणून शिकवतात.

खरी कलाटणी विसाव्या शतकात मिळाली. केंब्रिजमध्ये समीक्षक आय. ए. रिचर्ड्सने कवींची नावं झाकून विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय मागवले. जॉन डनसारख्या नामवंत इंग्रज कवीच्या सॉनेटलाही मुलांनी नाकं मुरडली. हा सगळा प्रकार 1929 मध्ये पुस्तकरूपाने आला. कवीचा मोठेपणा ठाऊक असणं वेगळं आणि समोरची ओळ वाचता येणं वेगळं, हे त्यातून उघडं पडलं. ब्रुक्स आणि वॉरन या अमेरिकन प्राध्यापकांच्या 1938 च्या पाठ्यपुस्तकाने संहितेचं बारकाईने वाचन वर्गावर्गात नेलं. प्रतिमा, उपरोध, सूर यांनी कवितेत नेमकं काय साधतं, यावर त्यांचा भर होता. परीक्षेत मात्र अलंकाराचं नाव लिहिणं सोपं आणि तपासणं त्याहून सोपं, त्यामुळे ‘परिणाम स्पष्ट करा’ हा प्रश्नाचा उत्तरार्ध बहुतेक उत्तरपत्रिकांत एका ओळीत उरकला जातो.