सुतळी, प्लाय आणि दहा अंश

सुतळीचा मीटरभर तुकडा घ्या. टायर जमिनीला टेकतो तिथे, चाकाच्या पुढच्या बाजूला, तिचं एक टोक बोटाने दाबून धरा. दुसरं टोक बंपरच्या सगळ्यात खालच्या कडेला लावा आणि सुतळी ताणा. मोबाइलमधलं कोन मोजणारं ॲप उघडून फोन सुतळीला समांतर धरला की एक आकडा दिसेल. गाडीखाली शिरण्यासाठी रॅम्प विकत घ्यायचा असो की सुताराकडून करून घ्यायचा असो, हिशेब या आकड्यापासून सुरू होतो.

मुलुंडला आमच्या शेजारच्या काकांनी सेकंडहँड सेदान घेतली. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून ती चांगलीच खाली बसवलेली होती. ऑइल आपण घरीच बदलायचं असं ठरवून काकांनी तयार लोखंडी रॅम्पची जोडी आणली. गाडी हळूहळू पुढे घेतली, तर चाक रॅम्पपासून वीतभर लांब असतानाच बंपर त्यावर कर्रकन घासला. "अरे, दोन टनाचा रॅम्प आहे, एवढा मजबूत!" काका हळहळले. मजबुतीत काहीच खोट नव्हती. रॅम्पची चढण 17 अंशांची होती, आणि काकांच्या गाडीची सुतळी साडेदहा अंशच दाखवत होती. बंपर जमिनीपासून 120 मिलिमीटर वर आणि चाकाच्या टेकण्यापासून 650 मिलिमीटर पुढे. 120 ला 650 ने भागा, 0.185 येतात, साडेदहा अंशांचा स्पर्शक (टॅन) तेवढाच असतो.

आपल्याकडच्या नेहमीच्या हॅचबॅक रिकाम्या असताना जमिनीपासून साधारण 160 ते 170 मिलिमीटर उंच असतात, म्हणून बाजारातले बहुतेक रॅम्प त्यांना चालून जातात. अडचण खाली बसवलेल्या आणि लांब नाकाच्या गाड्यांची. त्यांना रॅम्पची उंची कमी करून उपयोग नाही, कारण माणसाला छाती घालून आत सरकायला 150 मिलिमीटरची वाढ लागतेच. मग उरते ती लांबी. 150 मिलिमीटर चढायला 17 अंशांत 490 मिलिमीटर लांबी पुरते, 10 अंशांत 850 लागते. हाव धरून 250 मिलिमीटर उंची मागितलीत तर दहा अंशांचा रॅम्प 1,400 मिलिमीटरच्या पुढे जातो. मुंबईच्या पार्किंगमध्ये ही लांबी आणायची कुठून? चार मीटरची गाडी रॅम्पच्या माथ्यावर बसेपर्यंत एक मीटर पुढे सरकते, म्हणजे पाच मीटर मोकळी जागा हवी. मागे भिंत आणि पुढे दुसऱ्याची स्कूटर असली, तर आधी तीच मोजलेली बरी.

मस्जिद बंदरला टेम्पोत पिंप चढवणारे हमाल हा हिशेब रोज करतात. भरलेलं पिंप दोनशे किलोच्या घरात जातं. ते उचलायचं नसतं, फळीवरून लोटायचं असतं, आणि फळी जितकी लांब तितका जोर कमी. याचं गणित फ्लेमिश गणिती सायमन स्टेविन यांनी 1586 मध्ये मांडलं, तेही एका चित्रातून. एका बाजूची चढण दुसरीच्या दुप्पट लांब असा त्रिकोण, आणि त्यावर टाकलेली चौदा सारख्या गोळ्यांची माळ. लांब बाजूवर चार गोळे, आखूड बाजूवर दोन, बाकीचे खाली लोंबणारे. माळ आपोआप फिरत नाही. फिरली असती तर ती कधी थांबलीच नसती. म्हणून लांब उतारावरचे चार आखूड उतारावरच्या दोघांना तोलून धरतात. मला हा युक्तिवाद कितीही वेळा वाचला तरी नवा वाटतो. एकही माप न घेता निसर्गाचा नियम हाती येतो.

हजार किलोच्या गाडीचं सुमारे सहाशे किलो वजन पुढच्या चाकांवर असतं असं धरा. ते 17 अंशांवर चढवायला साधारण 180 किलोचा जोर लागतो, 10 अंशांवर 105 चा. इंजिनाला दोन्ही सारखेच. फरक पडतो तो रॅम्पला, कारण चाक जेवढ्या जोराने वर चढू पाहतं तेवढ्याच जोराने रॅम्पला पुढे ढकलतं. आणि सुरुवातीला तर चाकाचं बरंचसं वजन अजून जमिनीवरच असतं, रॅम्पला दाबून धरायला वर काहीच नसतं. जुलैत ओल्या लादीवर माझा रॅम्प असाच हातभर पुढे घसरला होता. गाडी जिथल्या तिथे, रॅम्प भिंतीला! रॅम्प आणि जमीन यांच्यातला घर्षण गुणांक, म्हणजे पकड किती हे सांगणारा आकडा, चढणीच्या स्पर्शकापेक्षा जास्त हवा: 17 अंशांना 0.31, 10 अंशांना 0.18. कोरड्या काँक्रीटवर तो सहज मिळतो. ओली गुळगुळीत लादी किंवा शेवाळ धरलेले पेव्हर ब्लॉक असले की भरवसा नाही.

यावरचा तोडगा साधा आहे. जाड रबराची पट्टी रॅम्पच्या खालून घट्ट बसवायची आणि तिचं अर्धा मीटर टोक पुढे, गाडीकडे सोडायचं. चाक आधी रबरावर चढतं, मग रॅम्पला टेकतं. आता तेच चाक आपल्या तीनशे किलोंनी पट्टी दाबून धरतं. शिवाय पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चाक रबराला मागे रेटतं आणि रॅम्पला पुढे रेटतं. दोन्ही रेटे एकाच जोडलेल्या वस्तूवर पडून एकमेकांना मारतात. मात्र ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा नाही. चाक जागच्या जागी फिरलं तर रॅम्प मागे, गाडीच्या पोटाखाली फेकला जातो.

घरी करायचा असेल तर माझं मत प्लायचं. 19 मिलिमीटरच्या मरीन प्लायचे आठ थर, वरचा प्रत्येक खालच्यापेक्षा आखूड, असे पायऱ्यांसारखे एकावर एक ठेवले की 152 मिलिमीटर होतात. मरीन म्हणजे आयएस 710 चा शिक्का असलेला. पावसाळी हवेत साध्या प्लायचे पदर सुटतात. एवढं वजन लाकूड पेलेल का, असं लोक नेहमी विचारतात. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो जवळजवळ त्याच्यातल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. 32 पीएसआय हवा आणि तीनशे किलो भार म्हणजे टेकणारी जागा सुमारे 133 चौरस सेंटिमीटर, तळहाताएवढी. एवढ्या दाबाने भरीव लाकूड चेपत नाही. घात होतो तो पोकळीत वाकणाऱ्या फळीचा, नाहीतर नुसत्या खिळ्यांवर धरलेल्या थरांचा. म्हणून थर फेविकॉलने चिकटवून वर स्क्रू मारा.

पायऱ्या तशाच काटकोनात सोडू नका. 290 मिलिमीटर त्रिज्येचं चाक 19 मिलिमीटरच्या उभ्या पायरीवर चढताना क्षणभर 21 अंशांची चढण चढल्यासारखा जोर लावतं. पायरी 40 मिलिमीटरची केलीत तर तीच चढण 30 अंशांची होते. टायर दबतो म्हणून प्रत्यक्षात थोडं सुसह्य होतं, पण रंधा मारून कडा तिरक्या केल्या तर रॅम्प घसरायचं एक निमित्त तरी कमी होतं. माथ्यावर चाक पुढे जाऊ नये म्हणून पुढच्या टोकाला एक आडवी पट्टी हवीच.

विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून गाडी चढवणारे मी पाहिलेत आणि दर वेळी पोटात गोळा आला आहे. काँक्रीटची ताण सोसायची ताकद दाब सोसायच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. एका कोपऱ्यावर भार आला की ब्लॉक न कुरकुरता फुटतो. लाकूड निदान आधी करकरतं. नुसत्या जॅकवरही गाडीखाली जायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी, खाली आधार म्हणून घोडी किंवा रॅम्प. गाडी वर गेली की हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये टाका आणि जमिनीवरच्या मागच्या चाकांमागे लाकडी ठोकळे सारा. घाटात ट्रक थांबताच क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावतो, तसं.

काकांसाठी आम्ही नऊ अंशांचा रॅम्प केला, तोही दोन तुकड्यांत. गाडी वर गेली की चढणीचा तुकडा काढून घ्यायचा, म्हणजे बाजूने आत सरकायला जागा होते. नाक वर गेलं की मागचा बंपर तीन-चार सेंटिमीटर खाली येतो, तेवढं मागे बघून घ्यायचं. पहिल्या खेपेला इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट सोडला तेव्हा काळं ऑइल परातीत धो धो आलं. नट चेंबरच्या मागच्या बाजूला होता, त्यामुळे गाडीच्या साडेतीन अंशांच्या तिरकेपणाने शेवटचा थेंबही तिकडे ओघळला. नट पुढे असता तर थोडं ऑइल मागे साचून राहिलं असतं. नवं वॉशर घालून नट आवळला, गाडी खाली सपाट जमिनीवर आणली, नवं ऑइल भरलं, इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं. पाच मिनिटं थांबून काकांनी डिपस्टिक पुसून परत घातली, बाहेर काढली आणि उजेडाकडे धरली. ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली होतं.