ड्यूक्सचं लेमन आलं कुठून?

ड्यूक्स म्हटलं की हल्लीच्या मुलांना वाटतं पेप्सीचंच काहीतरी असणार, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण हा थंड पेयांचा ब्रँड आपल्या मुंबईचा आहे आणि तोही 1889 चा! दिनशॉजी पंडोल म्हणून एक पारशी गृहस्थ होते, स्वतः क्रिकेट खेळणारे, ते ज्या इंग्लिश बॉलने खेळायचे तो 'ड्यूक अँड सन्स'चा, तेच नाव त्यांनी आपल्या कंपनीला दिलं असं सांगतात.

त्या काळी सोडा म्हणजे अर्धं औषधच होतं. आमच्याकडे तर ते पुढेही तसंच राहिलं, आजीचं पोट फुगलं की ती कोपऱ्यावरच्या दुकानातून लेमन, म्हणजे ड्यूक्सचा लिंबाच्या चवीचा सोडा, आणायला पिटाळायची, रिकामी बाटली बरोबर द्यायची, दुकानदार ओपनर लावायचा की फस्सकन गॅस वर यायचा आणि पहिल्याच घोटाला नाकात झिणझिण्या. पारशी लग्नात मान ड्यूक्सच्या रासबेरी सोड्याचा, पण लेमन सगळ्यांचं. मँगोला हे आंब्याचं पेयही यांचंच बरं का.

पूर्वी अशी पेयं त्या त्या शहराचीच का असायची, तर काचेची बाटली. जड, फुटणारी, वर रिकामी परत न्यायची, म्हणजे फॅक्टरीपासून टेम्पो जाऊन येईल तेवढाच धंदा. ड्यूक्सची फॅक्टरी चेंबूरला होती त्यामुळे मुंबईत पाय घट्ट रोवलेले. पुण्यात तसेच आर्देशर, कॅम्पातले. 1977 ला कोकाकोला देश सोडून गेली तेव्हा देशी कंपन्यांना मोकळं रान मिळालं, त्यात पार्लेच्या लिम्का, थम्सअपने देशभर जम बसवला, पण मुंबईत ड्यूक्सची गिऱ्हाइकं होतीच.

नव्वदनंतर चित्र पालटलं. पेप्सी आली, मग कोक परत आली आणि 1993 ला पार्लेचे ब्रँड कोकने घेतले, पाठोपाठ ड्यूक्स पेप्सीकडे गेलं. खरं तर पेप्सीला हवं होतं ते बाटल्या भरायचं तयार जाळं, असं माझं मत आहे, कारण त्यानंतर लेमन दुकानांतून हळूहळू दिसेनासंच झालं.

2011 ला पेप्सीने ते मुंबईत पुन्हा आणलं, रासबेरीसकट. तेव्हा मी भर उन्हात दुकानासमोरच उभं राहून अख्खी बाटली संपवली आणि आईसाठी दुसरी घेऊन गेले.